हॉस्पिस की घरी येणारं पथक?

कॅन्सरवरचे उपचार थांबले की दोन वाटा उरतात: हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेत, दाखल करणं, किंवा घरी येणाऱ्या पॅलिएटिव्ह, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या, पथकाची मदत घेणं. वांद्र्याचं शांती आवेदना सदन हे हॉस्पिस १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याचं सिप्लाचं पॅलिएटिव्ह केंद्र १९९७ पासून. या दोन्ही संस्थांत सेवा मोफत मिळते, तेव्हा पैशावरून दर्जा जोखू नका.

हॉस्पिस असो की घरी येणारं पथक, माझा पहिला प्रश्न एकच असेल: वेदना आणि धाप कमी करणारं, तोंडाने घ्यायचं मॉर्फिन मिळतं का? अमली पदार्थांच्या कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालं आहे. मॉर्फिनची साधी गोळी दर चार तासांनी लागते. हॉस्पिसमध्ये ती नर्स देते, घरी आपण. म्हणून घरच्या सेवेची खरी परीक्षा रात्रीच होते. माझ्या आईला पहाटे तीनला धाप लागली, तेव्हा पथकाचा फोन नुसता वाजत राहिला. दिवसा येणारी माणसं फार मायाळू होती हो, पण त्या तासात आम्ही एकटे होतो. आधीच विचारा: रात्री फोन कोण उचलतं, आणि त्रास अचानक वाढला तर द्यायचा वाढीव डोस लिहून ठेवलाय का?

हॉस्पिसमध्ये मात्र डोळ्यांनी बघा. रुग्णाची कूस वेळेवर बदलतात का, ओठ कोरडे पडलेत का, घरच्यांना सोबत राहू देतात का.

घरी आलटूनपालटून जागणारी दोन माणसं असतील आणि रात्रीचा फोन खात्रीचा असेल, तर मी घर निवडेन. नसतील, तर बिनदिक्कत हॉस्पिस.