बातमी कुठे संपते, जाहिरात कुठे सुरू होते : निवडणुकीच्या महिन्यातील एका दैनिकाचे परीक्षण

तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. आमच्याकडे रोज सहा मराठी दैनिके येतात. त्यांपैकी ज्या दैनिकाला सर्वांत जास्त वाचक आहेत त्याच्या आम्ही दोन प्रती घेतो, कारण सकाळी आठ ते दहा या वेळेत एका प्रतीसाठी चार-चार जण ताटकळत बसतात. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक जाहीर झाली आणि २० नोव्हेंबरला मतदान झाले. या पाच आठवड्यांतील त्या दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीचे सर्व अंक मी फाईलमधून काढून पहिल्यापासून पुन्हा वाचले आणि त्यावरून हे परीक्षण लिहीत आहे. दैनिकाचे नाव देत नाही, कारण जे दोष दिसले ते टेबलावरच्या इतर दैनिकांतही कमी-अधिक प्रमाणात होते, आणि एकट्याला पुढे करून बाकीच्यांना मोकळे सोडणे मला पटत नाही.

आधी जे चांगले आहे ते सांगते. अंक रोज पहाटे साडेपाचला येतो, दिवाळीतील सुट्टी सोडली तर एकही खाडा नाही. छपाई स्वच्छ आहे आणि अक्षर वयस्कर वाचकांना चष्म्यासह सहज वाचता येईल इतके मोठे आहे. उमेदवारी अर्ज मागे घेण्याची मुदत ४ नोव्हेंबरला संपल्यानंतर या दैनिकाने आमच्या मतदारसंघातील उमेदवारांची नावे आणि चिन्हे एका चौकटीत दिली. प्रमुख उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांतील मालमत्ता, कर्ज आणि दाखल गुन्हे यांची माहितीही शेजारी शेजारी छापली. त्या पानाची छायाप्रत मी सूचनाफलकावर लावली होती आणि मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंत लोक ती उभे राहून वाचत होते. जिल्हा आवृत्तीचे हे खरे काम आहे आणि ते या दैनिकाला उत्तम येते.

पहिल्या पानावरच्या जाहिरातींबद्दल माझी तक्रार नाही. नोव्हेंबरमध्ये अनेक दिवस अंकाला जॅकेट होते, म्हणजे खरे पहिले पान पाहण्यासाठी जाहिरातीचे पान उलटावे लागे. वेगवेगळ्या समाजांच्या पगड्या आणि टोप्या एकत्र मांडून ‘एक है तो सेफ है’ सांगणारी जाहिरात लोकांनी पाहिली. महायुतीचे दरमहा २,१०० रुपये आणि महाविकास आघाडीचे दरमहा ३,००० रुपये ही दोन्ही आश्वासनेही पाहिली. कोणत्या पक्षाने पैसे देऊन जागा घेतली आहे हे त्या पानावरून कोणालाही कळते. वाचक तसेच समजून वाचतो, पटले तर घेतो, नाही तर पान उलटतो. जाहिरातीने मत बनते हे खरे, पण तेथे निदान बोलणारा कोण हे झाकलेले नसते.

माझी तक्रार तिसऱ्या आणि पाचव्या पानाबद्दल आहे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातील एका अंकात तिसऱ्या पानाचा वरचा अर्धा भाग एका उमेदवाराने व्यापला होता. पाच स्तंभांचा मथळा, हात जोडलेले मोठे छायाचित्र, आणि मजकुरात ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’, ‘जनसागर लोटला’, ‘विजयाची औपचारिकता बाकी’ असे शब्द. ‘प्रतिनिधी’ नाही, ‘वार्ताहर’ नाही, गावाचे नाव नाही. डोक्यावर उजव्या कोपऱ्यात, पानक्रमांकापेक्षाही बारीक टाइपात, ‘इम्पॅक्ट फीचर’ असे दोन शब्द होते. आमच्याकडे रोज येणारे एक निवृत्त तलाठी काका तो मजकूर शेजारच्यांना मोठ्याने वाचून दाखवत होते. मी कोपऱ्यावर बोट ठेवले तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, याचा अर्थ मोठा परिणाम करणारी बातमी असाच ना?” चाळीस वर्षे सातबारा लिहिलेल्या माणसाला जे कळत नाही ते वाचकाला सांगितले, असे कसे म्हणता येईल? ‘जाहिरात’ हा चार अक्षरी मराठी शब्द त्याच जागेत मावला असता.

त्याच पानाच्या खालच्या अर्ध्यात प्रतिस्पर्धी उमेदवाराच्या पदयात्रेचा मजकूर होता आणि त्याचाही विजय निश्चित होता. एकाच पानावर दोघेही निवडून येत असतील तर संपादकाने तो मजकूर वाचला आहे यावर माझा विश्वास बसत नाही. दुसऱ्या दिवशी मी टेबलावरची बाकीची दैनिके चाळली, तेव्हा वरच्या अर्ध्यातील मजकूर दुसऱ्या एका दैनिकातही मिळाला, अगदी तोच. एका गावाच्या नावातील ऱ्हस्व-दीर्घाची चूकही दोन्हीकडे सारखी होती. त्या दुसऱ्या दैनिकात तर कोपऱ्यातले ते दोन शब्दही नव्हते.

हा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही, म्हणूनच तो अधिक लागतो. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एका नेत्याची स्तुती करणारा मजकूर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मोठ्या मराठी दैनिकांत जवळजवळ शब्दशः सारखा छापून आल्याचे ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिले होते. याच प्रश्नावर भारतीय वृत्तपत्र परिषदेने परांजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची दोन सदस्यांची उपसमिती नेमली. तिचा ७१ पानांचा अहवाल २०१० मध्ये तयार झाला, परंतु त्यात वृत्तपत्रांची नावे असल्याने परिषदेने आधी केवळ छोटा सारांशवजा अहवाल प्रसिद्ध केला आणि पूर्ण अहवाल माहिती अधिकारातून २०११ मध्ये अधिकृतपणे बाहेर आला. पैसे किंवा अन्य मोबदला घेऊन छापलेली बातमी किंवा विश्लेषण म्हणजे पेड न्यूज, अशी सरळ व्याख्या तेव्हापासून आहे. ‘पॅकेज’ हा शब्दही तेव्हापासून आपल्याकडे रुळला आहे : अमुक इतक्या बातम्या, अमुक इतकी छायाचित्रे, शेवटच्या दिवशी एक मुलाखत, आणि पॅकेज घेतले नाही तर उमेदवाराचे नाव फक्त यादीत.

यादीतल्या अशाच एका अपक्ष उमेदवाराचे हस्तपत्रक आमच्या टेबलावर आले होते. पिवळा, खरखरीत कागद, एकाच रंगात छापलेला. तळाशी मुद्रकाचे नाव आणि पत्ता, प्रकाशकाचे नाव आणि पत्ता, आणि प्रतींची संख्या. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ मधील कलम १२७ अ प्रमाणे निवडणुकीच्या पत्रकावर आणि भित्तिपत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे-पत्ते छापणे बंधनकारक आहे. मी ते पत्रक आणि ते तिसरे पान शेजारी शेजारी ठेवून पाहिले. गल्लीतल्या छापखान्यात छापलेले ते पत्रक मला सांगत होते की हे कोणी छापले, कोणी छापून घेतले आणि किती. लाखो वाचकांचे दैनिक त्याच निवडणुकीविषयी, त्याच मतदारांसाठी, चौपट मोठ्या अक्षरांत बोलत होते आणि यातले काहीच सांगत नव्हते. आणि तरीही लोक पत्रकाला ‘प्रचार’ म्हणून बाजूला ठेवत होते आणि पानाविषयी म्हणत होते, “पेपरात आलंय.” या दोन शब्दांतच दैनिकाची सगळी पत आहे, उमेदवार पैसे मोजतो ते कागदाचे आणि शाईचे नव्हे, या पतीचे मोजतो. ती पत दैनिकाने एकट्याने कमावलेली नाही. ती आमच्यासारख्या वाचकांच्या पिढ्यांनी विश्वास ठेवून उभी केली आहे, म्हणून ती परस्पर विकली गेल्याचे मला दुःख आहे.

कायदा येथे फारसा उपयोगी पडत नाही. जिल्हा पातळीवर माध्यम प्रमाणीकरण आणि संनियंत्रण समिती असते. पेड न्यूजचा संशय आल्यास उमेदवाराला नोटीस जाते आणि सिद्ध झाल्यास त्या जागेचा जाहिरात दर त्याच्या खर्चात, म्हणजे विधानसभेसाठीच्या ४० लाख रुपयांच्या मर्यादेत, धरला जातो. वृत्तपत्राचे काय? त्याचे प्रकरण वृत्तपत्र परिषदेकडे जाते आणि परिषद समज देऊ शकते, ताशेरे ओढू शकते, त्यापलीकडे तिला दंडाचा अधिकार नाही. पेड न्यूज हा स्वतंत्र निवडणूक गुन्हा करावा अशी शिफारस विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात केली आहे. दूरचित्रवाणीवरील राजकीय जाहिरातींना सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या आदेशापासून पूर्वप्रमाणीकरण लागते आणि मतदानापूर्वीच्या ४८ तासांत तेथे प्रचार बंद होतो. छापील दैनिकाला मात्र मतदानाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी फक्त प्रमाणीकरण घ्यावे लागते. म्हणूनच २० नोव्हेंबरच्या सकाळी, ध्वनिक्षेपक शांत झालेले असताना, आमच्या टेबलावर पक्षाच्या जाहिरातीचे जॅकेट घातलेला अंक आला आणि तो चाळून लोक मतदान केंद्राकडे गेले.

याच अंकांत एक जाहिरात अशी होती की जी मतदाराला सर्वांत उपयोगी आणि जिच्याकडे कोणाचेही लक्ष नव्हते. फौजदारी प्रकरणे असलेल्या उमेदवाराने ती वृत्तपत्रातून तीन वेळा प्रसिद्ध करावीत, हा नियम सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर आला. ती माहिती आमच्या दैनिकात आली, पण निविदा आणि नोटिसांच्या पानावर, तक्त्याच्या रूपात. नियम पाळला गेला असेल, परंतु जी जागा उमेदवाराच्या स्तुतीला सहज मिळते ती त्याच्यावरील गुन्ह्यांच्या माहितीला मिळू नये, हे मला दैनिकाच्या मांडणीतील सर्वांत गंभीर वैगुण्य वाटते.

काय छापले याइतकेच काय छापले नाही, किंवा कुठे छापले, याचेही परीक्षण व्हायला हवे. आमचा पट्टा सोयाबीनचा. त्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात माल त्याच्या बराच खाली जात होता. वाचनालयाच्या पायरीवर दुसरा विषय नव्हता. खरेदी केंद्रावर १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असलेला माल परत पाठवला जाई. केंद्र सरकारने ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली ती नोव्हेंबरच्या मध्यावर, मतदानाला काही दिवस उरले असताना. आमच्या जिल्हा आवृत्तीत हा विषय बाजारभावाच्या तक्त्याशेजारी एका स्तंभात राहिला आणि वरच्या पानांवर सभा, पदयात्रा, पक्षप्रवेश. १९६८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी मॅक्सवेल मॅककॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या माध्यम-संशोधकांनी चॅपल हिल या शहरातील मत न ठरवलेल्या १०० मतदारांशी बोलून पाहिले, तेव्हा माध्यमांनी ज्या प्रश्नांना मोठी जागा दिली तेच प्रश्न मतदारांना महत्त्वाचे वाटत असल्याचे आढळले. आमच्या टेबलावर मी हेच उलगडताना पाहिले. जे शेतकरी ऑक्टोबरमध्ये ओलाव्याच्या टक्क्यांवर बोलत होते, तेच नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात “हवा कुणाची?” एवढेच विचारू लागले. ओलावा कमी झाला नव्हता, फक्त पान बदलले होते.

समाजमाध्यमांशी तुलना करावीच लागेल. फेसबुकची मालक कंपनी मेटा हिच्या जाहिरात संग्रहात राजकीय जाहिरात कोणाच्या पैशाने चालली, साधारण किती खर्च झाला आणि ती साधारण किती वेळा दाखवली गेली हे कोणालाही मोफत पाहता येते आणि ती माहिती सात वर्षे ठेवली जाते. खर्चाचे नेमके आकडे न देता पल्ले दिले जातात आणि पैसे देणारा म्हणून नोंदलेल्या नावामागे खरा कोण हे नेहमी कळत नाही, हे त्याचे उणेपण आहेच. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुराला तर असा कोणताही संग्रह नाही. तरीही आज वाचकाला फेसबुकवरच्या जाहिरातीचा माग काढता येतो आणि त्याच्या घरी येणाऱ्या दैनिकाच्या तिसऱ्या पानाचा काढता येत नाही, ही छापील दैनिकांसाठी शरमेची गोष्ट आहे. दैनिकांनी निवडणुकीच्या काळात घेतलेल्या सर्व राजकीय जागेचा हिशेब, तारीख, पान, आकार आणि रक्कम यांसह, आठवड्याला एका चौकटीत छापावा. स्तंभ-सेंटीमीटरचे बिल त्यांच्या जाहिरात विभागात तयार असतेच, वेगळे काही करावे लागत नाही.

दैनिकाचा खर्च वाचकाच्या पाच-सहा रुपयांत भागत नाही आणि जाहिरातीशिवाय अंक निघत नाही, हे मला ठाऊक आहे. ग्रामीण वार्ताहराला मानधन नावापुरते आणि जाहिराती आणण्याचे काम मात्र सक्तीचे, हेही आमच्याकडे येणाऱ्या वार्ताहरांकडून ऐकले आहे. त्यांना दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. ज्याने मतदारसंघात फिरून बातमी लिहायची त्याच्याच हाती दरपत्रक देणारी पद्धत बदलली पाहिजे.

शिफारस विचाराल तर स्थानिक माहिती, प्रशासनाच्या बातम्या, निधनवार्ता आणि बाजारभाव यांसाठी हे दैनिक घ्यावे. निवडणुकीच्या महिन्यात मात्र त्याच्या जोडीला दुसरे एखादे दैनिक वाचावे आणि दोन्हींतले मजकूर ताडून पाहावेत. बातमीखाली वार्ताहराचा किंवा गावाचा उल्लेख नसेल, विरोधी बाजूचे एकही वाक्य नसेल आणि तोच मजकूर दुसरीकडे दिसला, तर तो जाहिरात समजावा.

आमच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाने १ डिसेंबरपासून या दैनिकाची दुसरी प्रत बंद केली. विक्रेत्याने ते कळवल्यावर वितरण विभागातून फोन आला, “मॅडम, काही अडचण होती का? अंक उशिरा येतो का?” अंक वेळेवर येतो हे मी आधी सांगितले, मग कारण सांगितले. त्यांनी ते लेखी मागितले. तिसऱ्या पानाची छायाप्रत, तोच मजकूर असलेले दुसऱ्या दैनिकाचे कात्रण आणि ते पिवळे पत्रक, तळाच्या मुद्रक-प्रकाशकाच्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारून, मी पत्रासोबत जोडले. उत्तर अजून आलेले नाही. पहिली प्रत चालू आहे.