‘एचडी फ्री’ पिल्लू आणि बिननावाची फिल्म

जर्मन शेफर्ड किंवा लॅब्राडॉरचं पिल्लू विकताना ‘आई-बाप दोघं एचडी फ्री, पेपरसकट’ म्हणत चार पैसे जास्त उकळतात. एचडी म्हणजे हिप डिसप्लेसिया, खुब्याचा सांधा सैल पडण्याचा दोष. हातात पडतं ते केसीआयचं, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचं सर्टिफिकेट. त्यात वंशावळ असते, खुब्यांबद्दल अक्षरही नसतं.

फारच मागे लागलं तर एक्स-रे दाखवतात, तोही मोबाइलवर. तो नीट बघा. बरोबर फिल्ममध्ये कुत्रं उताणं, मागचे पाय सरळ ताणलेले, मांडीची हाडं समांतर, गुडघ्याच्या वाट्या मधोमध, हे सगळं गुंगी दिल्याशिवाय सहसा जमत नाही. पाय बेडकासारखे फाकवून काढलेल्या फिल्ममध्ये मांडीच्या हाडाचा सैल गोळासुद्धा खुब्याच्या उखळीत छान बसलेला दिसतो. फिल्मवरच तारीख आणि मायक्रोचिपचा १५ आकडी नंबर हवा. नंतर पेनाने लिहिलेला चालत नाही. मग आईच्या मानेवर स्कॅनर फिरवून नंबर जुळवा. बिननावाची फिल्म कुठल्याही कुत्र्याची असू शकते.

फिल्म काढतानाचं वयही मोजा. अमेरिकेतली ओएफए ही प्राण्यांचे सांधे तपासणारी संस्था पक्का दाखला २४ महिने पूर्ण झाल्याशिवाय देत नाही. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाचे ए (सर्वांत चांगला) ते ई दर्जे १२ महिन्यांच्या आत मिळत नाहीत. त्यामुळे ४५ दिवसांच्या पिल्लाचा ‘हिप क्लिअर’ रिपोर्ट ही शुद्ध थाप. जन्मतः खुबे ठीकच असतात, सांधा नंतर सैल होत जातो. (दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू विकणंच कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७च्या नियमांत बसत नाही, ते वेगळं.)

पाच-सहा महिन्यांनी पिल्लू सशासारखं दोन्ही मागचे पाय एकदम टाकत पळतं, जिना टाळतं, बसल्याचं उठताना पुढच्या पायांवर जोर देतं. विकणारा म्हणतो, ‘कॅल्शियम कमी पडलंय, पावडर चालू करा.’ ही दुसरी फसवणूक, आणि पहिलीपेक्षा वाईट. मोठ्या जातीच्या पिल्लाला जादा कॅल्शियम शरीराबाहेर ठेवता येत नाही, हाडांची वाढच बिघडते. शिवाय लक्षणं दिसेपर्यंत एक वेळ निघून गेलेली असते: कोवळ्या वयातली जेपीएस शस्त्रक्रिया (कटीच्या पुढच्या सांध्याची वाढ थांबवून उखळ गोळ्यावर नीट येऊ देणारी) साधारण १२ ते २० आठवड्यांतच उपयोगी पडते. म्हणून चार महिन्यांच्या आत गुंगीत खुब्याचा सैलपणा हाताने तपासणारी ऑर्टोलानी चाचणी करून घ्या. सैल गोळा उखळीत परत बसताना डॉक्टरांच्या हाताला ‘टक्’ असं लागतं.

एक मात्र खरं, की ए दर्जाच्या जोडीलाही डिसप्लेसियाचं पिल्लू होऊ शकतं, कारण दोष अनेक जनुकांचा आहे. नुसतं पिल्लू लंगडलं म्हणून फसवणूक सिद्ध होत नाही. खोटा कागद दाखवला तर होते. तेव्हा पावतीवर आई-बापाचे चिप नंबर लिहून घ्या, व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका. ग्राहक आयोगात दाद मागायला दोन वर्षांची मुदत असते.

आणि हमीपत्रातली ‘पिल्लू परत आणलं तरच पैसे’ ही ओळ खोडायला लावा. वर्षभर घरात वाढलेलं कुत्रं कुणी परत देत नाही, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. त्याजागी लिहून घ्या: पिल्लू परत न देता, खरेदीच्या रकमेइतका उपचाराचा खर्च.