आठवी-नववीत फाउंडेशन क्लास की शाळा आणि घरचा अभ्यास?

आमच्याकडे दोन्ही करून झालंय. थोरली आठवी-नववीत फाउंडेशनला, म्हणजे बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षांची आधीपासून तयारी करून घेणाऱ्या क्लासला होती, धाकट्याला घातलंच नाही, त्याचं शाळा, बोर्डाची पुस्तकं आणि होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा एवढ्यावरच भागलं. दोन मुलांवरून काही सिद्ध होत नाही, त्यामुळे माझं म्हणणं तेवढ्याच बेताने घ्या.

क्लासच्या बाजूने आधी. वेग येतो, हे मान्यच करायला हवं. वेळ लावून पेपर सोडवायची भीती जाते, आजूबाजूला अभ्यास करणारी मुलं असतात आणि दोघं नोकरीवाले असाल तर संध्याकाळी सात-साडेसातला वर्गमूळ शिकवत बसायची ताकद कुणात असते. फी जास्तच आहे पण ती तुम्ही विचारून आला असालच.

मला खटकली ती एकच गोष्ट, आणि ती फी नाही. थोरलीची गणिताची वही एकदा सहज उघडली तर पानभर १ ते ३० आकडे आणि प्रत्येकापुढे ए, सी, बी, डी, बस्स. मध्ये एकही पायरी नाही. विचारलं तर म्हणे बाबा पर्याय टाकून बघायचे, जो बसतो तो उत्तर, सरांनीच सांगितलंय. आता हे ओएमआर शीटवर, म्हणजे नुसते गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर भारी चालतं, पण तिकडे शाळेत भूमितीचं प्रमेय आलं की पक्ष, साध्य, सिद्धता लिहायला हात चालेना. उत्तर माहीत, पण तिथपर्यंत कसं गेलो ते सांगता येत नाही. दहावीला पायऱ्यांचे मार्क असतात आणि अकरावीची ॲडमिशन दहावीच्याच मार्कांवर होते, आठवी-नववीचं तिथे कुणी विचारतही नाही, मग ही घाई नक्की कशासाठी? एमएचटी-सीईटीचं, म्हणजे इंजिनिअरिंग-फार्मसीसाठीच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेचं म्हणाल तर तिथे साधारण ८० टक्के प्रश्न बारावीचे आणि २० टक्के अकरावीचे, निगेटिव्ह मार्किंग नाही. आणि जेईई मेन या देशपातळीवरच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेत सुद्धा प्रत्येक विषयाला ५ प्रश्न असे येतात की पर्यायच नाहीत, आकडा काढूनच लिहायचा. तिथे ही युक्ती काय कामाची.

सगळे क्लास असेच असतील असं नाही हां, आमच्या वाट्याला आला तो असा होता.

धाकट्याचं उलट. होमी भाभा परीक्षा सहावी आणि नववीला असते, लेखी झाली की प्रात्यक्षिक, मग कृती संशोधन प्रकल्प आणि मुलाखत. नववीत तो प्रात्यक्षिक पार करून प्रकल्पापर्यंत गेला, आणि त्याने बिल्डिंगमधल्या आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी मोजायला घेतलं. बादली आणि मेजरिंग जार घेऊन शेजारच्या काकूंच्या ओट्याखाली बसलेला असायचा, वहीत वेळ, लिटर, वेळ, लिटर. एका घरचा आकडा जुळेना तर परत गेला, पाइपच गळत होता. पदक वगैरे काही मिळालं नाही. पण आता कुठलंही गणित दिलं की आधी 'दिलेलं काय' हे लिहून काढतो, बाकी मग चुकलं तरी कुठे चुकलं ते आपल्याला दिसतं तरी.

तोटे आहेतच. स्पीड कमी आहे, थोरलीच्या निम्माही नसेल, आणि घरी कुणीतरी मागे लागावं लागतं, आमच्याकडे ते काम बायकोने केलं, मी नाही. मुलगी किंवा मुलगा स्वतःहून आयआयटी आयआयटी करत असेल आणि घरी बघणारं कुणी नसेल तर क्लास लावा, वाईट नाही. नाहीतर निदान दहावी होईपर्यंत थांबायला माझ्या मते हरकत नसावी, अकरावीत क्लास आहेतच, कुठे पळून जात नाहीत.

आणि लावलाच तर दुसरा हप्ता भरायच्या आधी एकदा वही मागून बघा.