दिग्दर्शक म्हणून कोण? सचिन पिळगावकर की महेश कोठारे?

दोघेही बालकलाकार म्हणून आले आणि ऐंशीच्या दशकात दिग्दर्शक झाले. लक्ष्मीकांत बेर्डे दोघांचाही हुकमी एक्का. फरक हाताळणीत. ‘अशी ही बनवाबनवी’त (१९८८) सचिन हशा संवादांतून काढतात, स्वतः साडी नेसून सुधा होतात, तरी अशोक सराफांना मैदान मोकळं ठेवतात. कोठारेंचा जीव तंत्रात. ‘धुमधडाका’ (१९८५) निव्वळ विनोदी, पण ‘धडाकेबाज’ (१९९०) मराठीतला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा, चित्रपट आणि ‘झपाटलेला’त (१९९३) शब्दभ्रमकार रामदास पाध्येंचा बोलका बाहुला, तात्या विंचू, चक्क खलनायक! स्वतःकडे मात्र त्यांनी ‘डॅम इट’ म्हणणारा इन्स्पेक्टर ठेवला. अभिनेता म्हणून तिथेच जरा अडकले. पुन्हापुन्हा पाहायला मला बनवाबनवीच लागतो. बाहुल्याची धास्ती मात्र अजून गेलेली नाही.