त्याने एकही प्रश्न विचारला नाही

साडेबावीस हजार रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना ‘किती गेले असतील याचे’ असा अंदाज बांधत बसायला नको. कुणासाठी ही रक्कम फार नसेल. आमच्या गेमच्या चित्रांसाठी बाजूला काढलेल्या पैशांपैकी निम्म्याहून जास्त होती.

मी आणि माझा कॉलेजमधला मित्र, दोघंही नोकरी सांभाळून रात्री गोडो इंजिनवर, म्हणजे गेम बनवायच्या एका मोफत सॉफ्टवेअरवर, एक छोटा गेम करतोय. विषय मराठेशाहीतला जासूद. पत्रांची थैली घेऊन एका गडावरून दुसऱ्या गडावर पायी निघालेला. जुन्या पत्रांत ‘जासूद जोडी’ पाठवल्याचे उल्लेख येतात, तिथूनच दोघांनी मिळून खेळायचा गेम सुचला. २०२४च्या उन्हाळ्यापर्यंत कोड बऱ्यापैकी चालत होता, पण पडद्यावर सगळे करडे ठोकळे. जासूद म्हणजे लहान ठोकळा, महादरवाजा म्हणजे मोठा ठोकळा. आता कन्सेप्ट आर्ट हवं होतं. म्हणजे गेममध्ये दिसणारं अंतिम चित्र नव्हे; पात्र कसं दिसेल, दरवाजा कुठून दिसेल, उजेड कुठला, हे ठरवण्यासाठी काढलेली चित्रं. ती हातात आली की पुढचं मॉडेल, अॅनिमेशन सुरू होतं.

आमच्याकडे चाळीस हजार होते. एका चांगल्या चित्रकार बाईंना विचारलं. एका पात्राचे, पुढून-बाजूने-मागून अशा टर्नअराउंडसकट, सात हजार. एका स्थळचित्राचे नऊ हजार. आमची यादी चौदा चित्रांची. हिशेब लाखाच्या वर गेला. मी ‘कळवतो’ म्हटलं आणि कळवलं नाही. तेव्हा मनात आलेला विचार आज लिहायलाही लाज वाटते: चित्र काढायचे एवढे पैसे?

मग गेम बनवणाऱ्यांच्या एका ग्रुपवर मी ‘स्वस्तात कुणी करेल का’ असं टाकलं. हे वाक्यच चुकलं. अर्ध्या तासात खासगी मेसेज आला, तोही स्वच्छ मराठीत. ‘दादा, गडकिल्ल्यांवर गेम करताय, अभिमान वाटला. आपल्या माणसाकडून काय पैसे घ्यायचे? चौदाच्या चौदा चित्रं चोवीस हजारांत देतो.’ सोबत पीडीएफ. त्यातली चित्रं बघून मित्र म्हणाला, ‘हा आपल्याला परवडणारच नाही.’ आणि तो परवडत होता! इथे खरं तर थांबायला हवं होतं. पण ‘आपला माणूस’ हे दोन शब्द आमच्याकडे फार काम करतात. कुठल्या परक्या माणसानं हाच भाव सांगितला असता तर मी दहा वेळा चौकशी केली असती.

पैशांच्या बाबतीत तर त्याने मला सरळ रस्ता दाखवला आणि मी चालत गेलो. कामाचे पैसे मधे धरून ठेवणाऱ्या एखाद्या साइटवरून व्यवहार करू, असं मी म्हटलं. तो म्हणाला, ‘त्या साइट कमिशन खातात दादा, ते तुमच्याच बोकांडी बसणार.’ पटलं. यूपीआयवर बारा हजार अॅडव्हान्स पाठवताना पडद्यावर नाव वेगळंच आलं. विचारलं तर ‘दाजींचं खातं आहे, माझं लिंक होत नाहीये.’ हेही पटलं. माणसाला एकदा स्वस्ताई दिसली की त्याला काहीही पटतं.

आठवड्यात पहिली चार चित्रं आली. देखणी होती, यात शंका नाही. संध्याकाळचा उजेड, तटावर भगवा, ढगांत बुडालेली माची. मी पायी चालणारा साधा जासूद सांगितला होता. आला होता रत्नजडित मुठीची तलवार लटकवलेला राजपुत्र. दरवाजा मागितला होता गोमुखी, रायगडच्या महादरवाजासारखा, दोन बुरुजांच्या कवेत लपलेला, जवळ जाईपर्यंत न दिसणारा. आला होता लांबून दिमाखात दिसणारा, वर छत्र्या आणि झरोके असलेला तांबूस दगडाचा दरवाजा. सह्याद्रीतला काळा कातळ कुठेच नव्हता, राजस्थानची सहल वाटत होती. मी हे त्याला लिहिलंही. पण वाक्याच्या शेवटी ‘बाकी एक नंबर’ असं जोडलं. कारण ती चित्रं बघून मला आमचा गेम मोठ्या कंपनीचा वाटायला लागला होता. ती धुंदी काही वेगळीच.

‘नुसती पगडी बदल, बाकी असंच ठेव,’ असं सांगितलं. दोन दिवसांनी पगडी बदलून आली, पण सोबत चेहराही बदलला होता, अंगरख्याचे बंद डावीकडून उजवीकडे गेले होते आणि मागच्या तटाला एक बुरूज जास्त फुटला होता. हाताने चित्र काढणारा माणूस पगडीचा लेयर, म्हणजे चित्रातला तिचा वेगळा थर, उघडतो आणि पगडी बदलतो. बुरूज वाढवायची मेहनत तो कशाला घेईल? आज हे इतकं उघड दिसतं. तेव्हा मला वाटलं, पोरगा मनापासून करतोय, न सांगता जास्तीचं देतोय.

मित्राला थोडी शंका आली. तो म्हणाला, रफ माग. मागितलं. तासाभरात पेन्सिलचं स्केच हजर, आणि ते फायनलशी रेघ न् रेघ जुळणारं. मी मित्राला म्हटलं, ‘बघ, किती हात बसलाय त्याचा.’ अहो, ते फायनल चित्रच होतं, पेन्सिलचा फिल्टर मारलेलं. खरं रफ कधीच फायनलशी जुळत नाही. त्यात हात तीनदा काढलेला असतो, डोकं मोठं झालेलं असतं, कोपऱ्यात दुसरीच पगडी गिरवून सोडलेली असते. ते घाण असतं, आणि घाण असणं हाच त्याचा पुरावा. मग सोर्स फाइल मागितली. पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची फाइल, आली; उघडली तर आत एकच लेयर. ‘मर्ज झाली चुकून’ म्हणाला आणि दुसरी पाठवली. तिच्यात दोन लेयर: कापून काढलेला माणूस आणि त्याच्यामागे माणसाच्या आकाराचं पांढरं भोक असलेला गड.

एवढं होऊनही मी मधले सहा हजार दिले. त्यावर आणखी साडेचार हजार दिले, ‘कमर्शियल लायसन्स’चे. त्याचं त्याने कागदासारखं दिसणारं काहीतरी पाठवलं होतं, वर सोनेरी किनार. मित्र तेव्हा गावी गेला होता, नाहीतर त्याने मला थांबवलं असतं, असं मी स्वतःला सांगतो. त्याचं म्हणणं वेगळं आहे.

उलगडा झाला तो आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपवर. एका प्रदर्शनात स्टॉल मिळाला म्हणून मी त्या राजपुत्राचा तीन बाय सहाचा फ्लेक्स छापून घेतला आणि कौतुकाने फोटो टाकला. आमच्यातले एक काका, निवृत्त शिक्षक, शस्त्रांच्या नादातले. त्यांचं उत्तर आलं: ‘छान. पण जासूदाला एवढी भारी तलवार? आणि ती उजव्या कमरेला का? डावखुरा आहे का तो?’

मी बराच वेळ त्या वाक्याकडे बघत बसलो. उजव्या हाताने उपसायची तलवार डाव्या कमरेला असते. हे मला माहीत होतं. आमच्या कोडमध्येसुद्धा जासूद उजव्या हातानेच काठी मारतो. त्या रात्री चित्र उलटं केलं, आरशात बघावं तसं, आणि गूगल लेन्सवर टाकलं. सरळ चित्र मी आधी एकदा शोधून बघितलं होतं, तेव्हा काही सापडलं नव्हतं. उलटं टाकल्यावर पहिल्याच रांगेत मिळालं. परदेशातल्या एका चित्रकाराच्या पानावर, काही वर्षांपूर्वीचं. तलवार डावीकडे, खाली कोपऱ्यात सही. आमच्या चित्रात त्या जागी गवत वाढलं होतं.

मग एकेक चित्र घेऊन बसलो. तोवर अकरा आली होती. त्यातली दोन सरळ चोरलेली, उलटी करून. उरलेली नऊ यंत्राने बनवलेली असणार, अशी माझी खात्री झाली. मोठं करून बघितल्यावर दिसायला लागलं: दरवाजावरचे खिळे एकमेकांत वितळलेले, पायऱ्या भिंतीत शिरून संपलेल्या, पगडीचा पेच कानातून निघालेला. टर्नअराउंडमध्ये पुढून दिसणाऱ्या माणसाच्या कमरेला शेला होता, बाजूने दिसणाऱ्याच्या नव्हता. त्यावरून कुणी मॉडेल बनवायला घेतलं असतं तर त्याने आम्हालाच वेड्यात काढलं असतं.

त्याला मेसेज केला. ‘दादा गैरसमज होतोय, संध्याकाळी फोन करतो.’ संध्याकाळी अकाउंटच नव्हतं.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला. पलीकडच्या बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, शेवटचे पैसे कधी पाठवले? तीन आठवड्यांपूर्वी. पैसे पुढच्या खात्यात पळायच्या आत ते गोठवता यावेत यासाठी तो नंबर आहे; पहिले काही तास मोलाचे. शंका आली त्या दिवशीच फोन करायचा, मनाची खात्री पटायची वाट बघायची नाही. ऑनलाइन पोर्टलवर तक्रार नोंदवली आहे, स्क्रीनशॉट जोडले आहेत. पैसे आलेले नाहीत, येतील असं मी धरलेलंही नाही.

पण पैशांपेक्षा मोठं संकट थोडक्यात टळलं. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात गेम लावायचे शंभर डॉलर आम्ही भरून बसलो होतो आणि दुकानाचं पान याच चित्रांवर सजवणार होतो. तिथे जानेवारी २०२४पासून गेममध्ये एआयने बनवलेला मजकूर, चित्रं आहेत का, हे फॉर्ममध्ये सांगावं लागतं आणि ते खेळणाऱ्यांना पानावर दिसतं. आम्ही छातीठोकपणे ‘नाही’ लिहिलं असतं. शिवाय दोन चोरीची चित्रं आमच्या नावावर. मूळ चित्रकाराने तक्रार केली असती तर ‘आम्ही पैसे देऊन घेतली’ हे कुणी ऐकलं असतं? त्या चित्रकाराला मी आपणहून ईमेल केला, माफी मागितली. त्याचं उत्तर दोन ओळींचं होतं: काढून टाका, आणि कळवल्याबद्दल आभार. एवढ्या सभ्यपणाची मला अपेक्षा नव्हती.

सोनेरी किनारीचा कागद एका वकील मैत्रिणीला दाखवला. ती हसली. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या १९व्या कलमात आहे की हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी आणि सहीनिशी हवं. किती वर्षांसाठी हे लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरतात, आणि कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलं नसेल तर फक्त भारत. आमच्या कागदावर सही नव्हती, मुदत नव्हती, प्रदेश नव्हता. म्हणजे तो माणूस खरा असता तरी जगभर विकायच्या गेमला तो कागद पुरला नसता. ‘आणि ज्याचं त्याचंच नाही ते तो तुला काय देणार?’ हे तिने वर ऐकवलं. फी घेतली नाही.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त लागली ती वेगळीच गोष्ट. सगळं चॅट पुन्हा वाचून काढलं. सात आठवडे, दीड-दोनशे मेसेज. त्यात त्याने पैशांचं विचारलं, तारखांचं विचारलं. गेमबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. कॅमेरा कुठून बघतो? जासूद पडद्यावर केवढा दिसतो? तो किती दिवस चालून आलाय, पाय मळलेत का? काही नाही. मीच बोलत होतो आणि तो ‘हो दादा, जमेल दादा’ म्हणत होता. मला ते सौजन्य वाटलं.

मग पुन्हा त्याच चित्रकार बाईंकडे गेलो. गेलो तोही तोऱ्यात. पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, मी तर ताक देणाऱ्या बाईवरच फुंकर मारत होतो: काढतानाचं रेकॉर्डिंग द्या, आधी एक चित्र फुकट काढून दाखवा. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘रेकॉर्डिंग देते, प्रोग्राम आपोआप करतो ते. फुकट काढणार नाही. टेस्टच्या नावाखाली फुकट चित्रं उकळणारे तुमच्यातही पुष्कळ भेटलेत मला.’ पहिल्या चाचणीचे दीड हजार ठरले: एका पानावर जासूदाच्या बारा काळ्या आकृत्या, नुसत्या सावल्या. त्यातल्या कुठल्या ओळखू येतात ते बघायचं. उरलेल्या पैशांत चौदा चित्रं बसणार नव्हती, म्हणून भाव पाडायच्या ऐवजी यादी कापली. एक पात्र, एक दरवाजा. दुसरा जासूद त्याच पात्राचं मुंडासं आणि रंग बदलून. करारात मुदत, प्रदेश, सोर्स फाइल सगळं लिहिलं, दोघांच्या सह्या झाल्या. अॅडव्हान्स त्यांच्याच नावाच्या खात्यात गेला. मी नाव दोनदा वाचलं.

फ्लेक्स आईने गच्चीवरच्या लाकडांवर टाकला आहे, पावसापासून. राजपुत्राचं तोंड खाली.

पैसे पोचल्याच्या रात्री बाईंचा मेसेज आला. एकोणीस प्रश्न, नंबर घालून. गडावर धुकं असतं तेव्हा जासूद ओळखू यायला त्याच्या अंगावर कुठला रंग चालेल? काठी चढताना टेकतो की खांद्यावर टाकतो? वहाणा घालतो की अनवाणी? शेवटचा प्रश्न होता: ‘डावीकडे चालायला लागला की तुम्ही तेच चित्र उलटं करणार ना? मग थैली एका खांद्यावर दिली तर प्रत्येक वळणावर ती खांदा बदलेल. काय करायचं?’

आम्ही दोघं त्यावर रात्री एक वाजेपर्यंत भांडलो. थैली पाठीवर, मधोमध आली.