जुन्या पॉकेट वॉचची डायल दाखवायची असेल तर नौपाड्यातले हे काका (ठाणे वेस्ट)

दुकानाचं नाव टाकत नाहीये, काकांनीच नको म्हणून सांगितलंय, आधीच कामं तुंबलीत. गोखले रोडवरून आत नौपाड्यात गेलात आणि जुन्या घड्याळवाल्या काकांचं विचारलंत की कोणीही दाखवेल.

माझ्याकडे आजोबांचं साखळीवालं वेस्ट एंड कंपनीचं घड्याळ आहे. पांढरी डायल, रोमन आकडे, सहाच्या जागी सेकंदाचा छोटा गोल आणि त्या गोलापासून पार कडेपर्यंत गेलेली काळी चीर. आधी दुसऱ्या एका दुकानात दाखवलं होतं, तिथे लगेच "डायल रंगवून देतो, एकदम नवीन दिसेल" अशी ऑफर आली. मला ते पटेना म्हणून इथे आलो. काकांनी डोळ्याला भिंग लावून बराच वेळ बघितलं आणि सरळ सांगितलं की याला रंगाचा ब्रश लावू देऊ नका, ही इनॅमलची डायल आहे.

इनॅमल म्हणजे पेंट नाही हे मला तिथे नीट कळलं. तांब्याची पातळ चकती घेतात, तिच्यावर पांढऱ्या काचेची पूड पसरून भट्टीत साधारण ८०० डिग्रीला भाजतात, परत थर, परत भट्टी, मग आकडे काढून परत भाजायचं. मागच्या बाजूलाही इनॅमल लावावं लागतं नाहीतर थंड होताना तांबं आणि काच वेगवेगळ्या मापाने आकसतात आणि चकती वाकते. काचच असल्यामुळे शंभर वर्षांनीसुद्धा पांढरा रंग पिवळा पडत नाही, पण घड्याळ पडलं की चीर जाते, आणि ती चीर काळी दिसते कारण आत मळ बसलेला असतो. काकांनी डायल उतरवली (तिला मागे तांब्याचे बारीक पाय असतात, ते मशीनच्या कडेच्या स्क्रूंनी धरलेले असतात, स्क्रू ढिले न करता उचकटलं तर पायापाशीच टवका उडतो), आणि मऊ ब्रशने साबणाच्या पाण्यात हलक्या हाताने धुतली. त्याआधी कंपनीचं नाव एका कोपऱ्यात तपासून घेतलं कारण नाव कधी कधी भाजलेलं नसतं, वरून छापलेलं असतं आणि पाण्याबरोबर निघून जातं. आता चीर आहे पण शोधावी लागते!

मला जाम आवडलं ते हे की माणूस शिकवत शिकवत काम करतो. ड्रॉवरमधून त्यांच्या स्वतःच्या डायली काढून दाखवल्या. एक पितळेवर चांदीचा मुलामा दिलेली, तिच्यावर कोणीतरी पॉलिश घासलंय आणि मधे पितळ उघडं पडलंय, तो मुलामा इतका पातळ असतो की कापडानेही जातो. एक चांदीची, मशीनवर कोरलेल्या लाटालाटांच्या नक्षीची, ती उन्हात तिरकी धरली की पैठणीच्या पदरासारखी चमक बदलते, मी तर बघतच बसलो. आणि एक अमेरिकन रेल्वेची. १८९१ मध्ये ओहायोत किप्टनजवळ दोन गाड्यांची टक्कर झाली, त्यानंतर वेब बॉल या घड्याळजींनी तिथल्या रेल्वेच्या घड्याळांना कडक शिस्त लावली. आठवड्याला ३० सेकंदांपेक्षा जास्त फरक चालायचा नाही आणि डायलवर ठळक साधे आकडे, म्हणजे ड्रायव्हरला एका नजरेत वेळ कळली पाहिजे. काकांकडच्या डायलला कडेने १ ते ६० सगळी मिनिटं आकड्यात लिहिलीत, त्या प्रकाराला मॉन्टगोमेरी डायल म्हणतात. शिवाय ती एकसंध नाही, बाहेरची रिंग, मधला भाग आणि सेकंदाचा गोल असे तीन इनॅमलचे तुकडे वेगवेगळ्या पातळीवर जोडलेत, त्यामुळे सेकंदाचा काटा खोलात फिरतो आणि वरच्या काट्यांना अडत नाही. माझी साधी सपाट आहे, पण चारच्या जागी IV ऐवजी चार उभ्या रेघा (IIII) आहेत तशा जुन्या बहुतेक रोमन डायलींवर असतात.

रेडियमच्या डायलला मात्र ते हात लावत नाहीत. अंधारात चमकणारे आकडे आता चमकत नसले तरी त्यातलं किरणोत्सारी रेडियम तसंच असतं, ते निम्मं व्हायलाच १६०० वर्षं लागतात, खरवडलं तर भुकटी श्वासातून आत जाते. गिऱ्हाईक परत पाठवतात पण खोलत नाहीत. मला हे फार मोलाचं वाटतं.

तक्रारी आहेत. वेळ खूप लावतात, फोन उचलत नाहीत, पार्किंग विसरा. मशीनची सर्व्हिस आणि डायल मिळून १८०० घेतले, मला ठीक वाटले. चकाचक डायल हवी असणाऱ्यांनी जाऊ नये, ते रंगवून देणारच नाहीत आणि माझ्या मते बरोबरच करतात, रंगवलेल्या डायलवर आजोबांच्या वेळचं काही उरत नाही.

माझ्याकडून ५ पैकी साडेचार. काच फुटलेलं घड्याळ नेणार असाल तर चावी देऊ नका, तुकडे काट्याखाली अडकून डायलवर ओरखडे पाडतात. घड्याळ पालथं न करता मऊ कापडात गुंडाळून न्या, आणि संध्याकाळी जाऊ नका, डायलचं काम ते दिवसाच्या उजेडातच बघतात.