चोपण रानाला जिप्सम की धैंचा?

माती परीक्षणात सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेलं, सोडियम १५ टक्क्यांच्या पुढं आलं असेल, तर रान चोपण, म्हणजे सोडियमनं बिघडलेलं, झालंय हे सांगायला नको. कृष्णाकाठच्या आमच्या काळ्या रानात मी जिप्सम आणि धैंचा (हिरवळीचं खत म्हणून गाडायचं पीक) दोन्ही वापरलंय, म्हणून लिहितोय.

जिप्समचा गुण खरा आहे. त्यातलं कॅल्शियम मातीच्या कणाला चिकटलेल्या सोडियमला हुसकावतं. ज्या वाफ्यात साचलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच असायचं, तिथं जिप्सम मिसळल्यावर ते निवळू लागलं, तळाची ढेकळं दिसू लागली.

पण सुटलेलं सोडियम रानाबाहेर घालवायचं कसं? त्यासाठी गोडं पाणी वाफ्यात कोंडावं लागतं आणि खाली निचरा लागतो. आमचा ऊस ठिबकवर, विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ. ठिबकनं रान धुतलं जात नाही. क्षार ओलाव्याच्या कडेला येऊन बसतात, पांढरी किनार धरते. या धुण्यापायीच मी जेरीस आलो. शिरोळकडं ज्यांनी सच्छिद्र पाइप गाडून निचरा काढलाय, त्यांचं गणित वेगळं; त्यांना जिप्सम परवडेल.

धैंचा चोपणपणाही सोसतो आणि साचलेलं पाणीही. जूनच्या ओलीवर एकरी २० किलोच्या आसपास बी फोकायचं, दीड महिन्यात, फुलं धरायच्या सुमाराला गाडायचं. गाडण्याआधी एक रोप उपटून पाहिलं, तर सोटमूळ नांगरटीखालच्या कडक थरात घुसलेलं, बाजूच्या मुळ्यांना गाठी लगडलेल्या. त्याच वाटेनं पावसाचं पाणी खाली जातं, वेगळं कोंडावं लागत नाही. शिवाय रान चुनखडीचं असेल तर धैंचा कुजताना निघणारा कर्बवायू तिथलाच चुना विरघळवतो, म्हणजे कॅल्शियम घरचंच.

खरिपात रान अडकतं, हे मान्य. आडसालीला (जुलै-ऑगस्टच्या ऊस लागणीला) घाई होते, पूर्वहंगामीला (ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या लागणीला) मात्र बेतशीर बसतो. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) जवळ मिळत असेल तर तीही चांगली, पण कुजवलेलीच घ्या.

सामू ९ च्या पुढं गेला असेल तर जिप्समशिवाय भागेल असं मला वाटत नाही. मात्रा अहवालावरूनच ठरवा. त्याच्या आत असाल तर मी आधी धैंच्याला एक पावसाळा देईन. बी मात्र मे महिन्यातच आणून ठेवा, पाऊस सुरू झाल्यावर दुकानात मिळेलच असं नाही.